रोज एक छायाचित्र

गेल्या वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली त्या दिवसापासून आम्हीं एक लहानसा नेम धरिला. सकाळीं शाळेस येतांना सिद्धेश्वर तलावाच्या कांठीं एका ठराविक जागीं उभें राहावयाचें, पलीकडील भुईकोट किल्ल्याच्या तटाकडे तोंड करावयाचें आणि मोबाईलनें एक छायाचित्र घ्यावयाचें. एकच, दोन नाहींत. मग वहींत तारीख व वेळ लिहावयाची, आभाळ कसें होतें व पाणी कोणत्या दगडापर्यंत होतें तें टिपावयाचें, आणि वाटेस लागावयाचें. या सर्व खटाटोपास चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

तेथें एक चहावाला गाडी लावून असतो. पंधरा दिवस त्यानें आमचा हा क्रम मुकाट्यानें पाहिला. सोळाव्या दिवशीं त्यास राहवेना. "सर, रोज तेंच तें काय काढतां? किल्ला कांहीं पळून जात नाहीं," तो म्हणाला. त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. तें उत्तर येथें द्यावें, असा या लेखाचा हेतु आहे.

पहिल्या दोन महिन्यांचीं चित्रें ओळीनें मांडून पाहिलीं तेव्हां चहावाल्याचें म्हणणें खरें वाटूं लागलें. तोच तट, तेच बुरूज, तेंच पाणी. परंतु ऑगस्टच्या अखेरीस एका बुरुजाच्या मधल्या थरांत, दोन दगडांच्या सांध्यांत, एक हिरवा ठिपका दिसला. मागें जाऊन पाहतां तोच ठिपका बारा दिवसांपूर्वींच्या चित्रांतहि होता. आमच्या डोळ्यांस तो तेव्हां दिसला नव्हता इतकेंच. सप्टेंबरांत त्यास पानें फुटलीं व तें पिंपळाचें रोप आहे हें कळलें. डिसेंबरांत त्याची फांदी तटापासून हातभर पुढें आली होती. पक्ष्यांच्या विष्ठेंतून पिंपळाचें बीं सांध्यांत पडतें. जुन्या चुन्यांत ओल टिकून राहते, तिच्यावर तें रुजतें. मूळ प्रथम केसासारखें बारीक असल्यामुळें कोठेंहि शिरतें, आणि पुढें तेंच जाड होतां होतां दगडास दगडापासून दूर लोटतें. जो तट १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोच्या तोफांपुढें उभा राहिला, त्यास हें रोप फोडूं शकतें. मात्र त्यास घाई नसते. जानेवारींत कोणीतरी तें रोप छाटून टाकलें. मार्चांत त्याच सांध्यांतून दोन नवे कोंब आले, कारण मूळ आंतच होतें. हें सर्व आमच्या वहींत तारीखवार आहे. किल्ला पळून जात नाहीं हें खरें, पण तो उभ्या जागीं बदलतो, आणि तो बदल रोज पाहणाऱ्या माणसासहि दिसत नाहीं. रोज नोंदणाऱ्यास दिसतो.

इमारतींचीं छायाचित्रें नोंदीसाठीं काढावीं ही कल्पना अर्थातच आमची नव्हे. छायाचित्रणाची कला जगापुढें आली १८३९ मध्यें. त्यानंतर बाराच वर्षांनीं, १८५१ मध्यें, फ्रेंच सरकारनें पांच छायाचित्रकार निवडून आपल्या देशांतील जुनीं देवालयें, किल्ले व पूल यांचीं चित्रें काढण्यास त्यांस निरनिराळ्या दिशांस धाडलें. आपलें मुंबई शहरहि फार मागें नव्हतें. तेथें १८५४ मध्यें छायाचित्रण मंडळी स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या मंडळींतील एक अग्रेसर छायाचित्रकार होते. त्याच सुमारास एल्फिन्स्टन विद्यालयांत या कलेचा वर्गहि निघाला; म्हणजे आज आमच्या वर्गांतील मुलें जें गंमत म्हणून करितात तें त्या काळच्या मुलांनीं अभ्यास म्हणून केलें.

आपल्या भागाशीं ज्याचा जवळचा संबंध येतो तें काम १८५५ चें. मुंबई सरकारनें तोफखान्यांतील कॅप्टन बिग्ज यांस इलाख्यांतील प्राचीन इमारतींचीं छायाचित्रें काढण्याच्या कामीं नेमलें. आपल्या दक्षिणेस शंभर किलोमीटरांवरील विजापूर, आणि त्याच्याहि पलीकडील बदामी, ऐहोळे, पट्टदकल येथें ते आपलें सामान घेऊन फिरले. वर्षअखेरीस त्यांस पलटणींत परत बोलावण्यांत आलें व त्यांचें काम डॉक्टर पिगू यांनीं पुढें चालविलें. त्यांचें सामान म्हणजे आपल्या खिशांतील वस्तु नव्हे. लांकडी पेटी, तिपाई, औषधांच्या बाटल्या, अंधारी करण्यास तंबू, आणि चित्र उमटावयाचें तें चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर. हा कागद प्रकाशास इतका मंद असे कीं एका चित्रासाठीं भिंग कित्येक मिनिटें उघडें ठेवावें लागे. म्हणून त्या काळचीं कांहीं चित्रें पाहिलीं तर गजबजलेलीं स्थळें ओसाड वाटतात. माणसें होतीं, पण तीं चालत होतीं, म्हणून कागदावर उमटलीं नाहींत. स्थिर राहिलें तेवढेंच टिकलें.

हीं चित्रें १८६६ मध्यें लंडन येथें मोठ्या ग्रंथांच्या रूपानें छापून निघालीं. त्यांसाठीं ज्यांनीं ऐतिहासिक मजकूर लिहिला ते मेडोज टेलर साहेब १८५३ नंतर कांहीं वर्षें आपल्या शेजारच्या नळदुर्ग जिल्ह्याचे कारभारी होते. आज ऐहोळ्यास जाणारा प्रवासी तेथील दुर्ग मंदिर पाहून तें दुर्गादेवीचें देऊळ असावें असें समजतो. वास्तविक त्या देवळाच्या माथ्यावर एके काळीं दगडगोट्यांची तटबंदी रचलेली होती, त्या दुर्गावरून तें नांव पडलें. पुढें ती तटबंदी काढून टाकण्यांत आली. आज शिखराकडे कितीहि टक लावून पाहिलें तरी नांवाचा उलगडा व्हावयाचा नाहीं. गेल्या शतकापूर्वींच्या जुन्या छायाचित्रांत मात्र तो ढळढळीत दिसतो.

याच काळांत अजिंठ्याच्या लेण्यांत मेजर गिल हे तेथील भित्तिचित्रांच्या रंगीत नकला करीत होते. १८४४ पासून वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं त्यांत घालविला. त्या नकला लंडनजवळ स्फटिक महालांत मांडल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली व बहुतेक जळून गेल्या. त्यांनींच घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें १८६४ मध्यें पुस्तकरूपानें निघालेलीं असल्यामुळें तीं वांचलीं. तीं रंगीत नव्हतीं, आकारानें लहान होतीं. पण त्यांच्या प्रती अनेक होत्या. वस्तु एकाच ठिकाणीं असली कीं ती किती सुरेख आहे याची अग्नि पर्वा करीत नाहीं. हें आम्हांस इतिहासावरून ठाऊक होतें, तरी स्वतःच्या बाबतींत कळण्यास आमचा मोबाईल पाण्याच्या बादलींत पडावा लागला. जुलैमधील एकोणीस दिवसांचीं चित्रें त्यांत गेलीं. वहींतील नोंदी राहिल्या आहेत, पण "आज पाणी चौथ्या दगडाशीं" या वाक्यावरून कोणास काय दिसणार! त्यानंतर आम्ही दर शनिवारीं चित्रें दोन ठिकाणीं उतरवितों व महिन्यास चार निवडून कागदावर छापून घेतों.

बिग्ज साहेबांच्या कामांत एक उणीव होती, आणि ती त्यांच्या हातची नव्हती. एवढें सामान बैलगाडींत घालून एका स्थळीं पुनः पुनः कोण जाणार? बहुधा प्रत्येक इमारतीची भेट एकदांच. आपणांस ती अडचण नाहीं. आणि जेथें इमारतीजवळ नदी आहे तेथें तर एका भेटीनें कांहींच कळत नाहीं.

नळदुर्गचेंच पाहा. आपल्या शहरापासून हैदराबादच्या रस्त्यानें तो सुमारें ४५ किलोमीटर आहे, आणि पुष्कळांनीं तो सहलींत पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ मध्यें, किल्ल्यांतून जाणाऱ्या बोरी नदीवर बांध घालण्यांत आला व त्या बांधाच्या पोटांतच पाणीमहाल बांधला. मे महिन्यांत तेथें गेलेल्या मुलास एक उंच काळी भिंत, तिच्या मध्यभागीं महालाच्या खिडक्या, आणि खालीं कोरडे खडक एवढेंच दिसेल. बांध भरून वाहूं लागला म्हणजे दोन सांडव्यांवरून, लोक ज्यांस नर व मादी म्हणतात त्यांवरून, पाणी पांढरें शुभ्र होऊन कोसळतें, आणि मधल्या महालांत उभा असलेला मनुष्य दोहों बाजूंस धबधबा असून कोरडाच राहतो. बांधणाऱ्यानें हें दृश्य मनांत धरूनच खिडक्या ठेविल्या. कोरड्या दिवसाचें एकच चित्र पाहून कोणी म्हणेल, धरणाच्या भिंतींत खोल्या कशाला? त्यास पाण्याच्या दिवसाचें चित्र शेजारीं ठेवून दाखवावें, म्हणजे बोलण्याची गरज राहणार नाहीं.

पंढरपुरास भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. तेथील वाळवंटांत पुंडलिकाचें मंदिर आहे. उन्हाळ्यांत त्याच्या सभोंवार माणसें चालत फिरतात आणि पुरांत त्याचा केवळ वरचा भाग दिसतो. नदी मोजण्यास याहून चांगली काठी कोणती? घाटावर एकाच जागीं उभें राहून जो वर्षभर रोज हें मंदिर टिपील त्याच्यापाशीं नदीची रोजनिशी तयार होईल. १४ ऑक्टोबर १९२० नव्हे, अगदीं अलीकडे, १४ ऑक्टोबर २०२० रोजीं अतिवृष्टींत याच नदीकांठीं घाटाची भिंत पडून माणसें मृत्यु पावलीं. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें सीनेच्या पुरानें आपल्या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें वेढलीं. अशा दिवशीं पाणी कोणत्या पायरीस, कोणाच्या उंबऱ्यास लागलें हें पुढें आठवणीवर सांगतां येत नाहीं. प्रत्येकाच्या आठवणींत पूर वेगळ्या उंचीचा असतो. मात्र मुलांनो, पुराचें चित्र काढण्यासाठीं पुलाच्या कठड्यावर किंवा घाटावर जावयाचें नाहीं. गच्चीवरून जें दिसेल तें पुरे. दुसऱ्या दिवशीं भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ टिपली तरी काम होतें.

आतां थोडें घरचें सांगतों. आमचें आजोळ करमाळा तालुक्यांत भीमेच्या कांठीं होतें. उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें आणि तें गांव इतर अनेक गांवांबरोबर पाण्याखालीं गेलें. घरें, मारुतीचें देऊळ, आजोबांच्या प्रार्थनेची लहान खोली, घाट, सर्व. आईपाशीं त्या दिवसांतला एकच फोटो आहे. आजोबा, आजी व तीन मुलें दगडी पायऱ्यांवर बसलीं आहेत. मागें कांहीं लिहिलेलें नाहीं. आई म्हणे, हा गांवचा घाट. थोरले मामा ठासून सांगत, हा सोलापूरचा तलाव. बाबा गिरणीच्या कामासाठीं इकडे आले तेव्हां आम्हांस घेऊन आले होते. सणावारीं एकत्र जमलें कीं हा वाद निघे. ऐकणारे हंसत, पण आई हंसत नसे. गांवाची तेवढीच एक खूण तिच्यापाशीं होती, आणि तीहि गांवची नव्हे असें ठरलें तर तिच्यापाशीं कांहींच उरत नव्हतें. फोटो पाहतांना ती माणसांकडे पाहत नसे, पायऱ्यांकडे पाही, हें आम्हीं लहानपणीं पाहिलें आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यांत उजनीचें पाणी उपयोगाच्या साठ्याच्याहि खूप खालीं, मृतसाठ्यांत उतरलें. जुनीं गांवें उघडीं पडलीं. पळसदेवचें प्राचीन मंदिर पाहण्यास लोकांची रीघ लागली. आम्ही तो फोटो घेऊन आजोळच्या शिवाराकडे गेलों. भेगाळलेल्या गाळावरून एका कोळ्यानें वाट दाखविली. घाटाच्या सात-आठ पायऱ्या उघड्या होत्या. फोटो डोळ्यांपुढें धरून आम्ही डावीकडे, उजवीकडे, मागें सरकत राहिलों. आणि एका जागीं सर्व रेषा जुळल्या. तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला, त्याच्या वर होडी बांधण्याची लोखंडी कडी. फोटोंत आजीच्या कोपराशेजारीं जो काळा डाग आहे, तो डाग नव्हता. ती कडी होती. त्याच जागेवरून आम्हीं नवें छायाचित्र घेतलें. घरीं येऊन दोन्ही शेजारीं ठेविलीं. आईनें चष्मा लावून पाहिलें व म्हणाली, "मी सांगत होतें." एवढेंच. मामांनीं दुसऱ्या दिवशीं येऊन दोन्ही चित्रें हातांत घेतलीं आणि बराच वेळ खालीं ठेविलीं नाहींत. मागें चार शब्द लिहिले असते तर चाळीस वर्षांचा वाद झालाच नसता.

म्हणून चित्र काढण्याच्या रीतीसंबंधानें जें सांगावयाचें त्यांत पहिली गोष्ट लिहिण्याची आहे. तारीख, वेळ, स्थळ, आपण कोठें उभे होतों आणि तोंड कोणत्या दिशेस होतें. कागदी फोटोच्या मागें मऊ पेन्सिलीनें, कडेस, हलक्या हातानें लिहावें. शाई पुढच्या बाजूस उमटते. उभें राहण्याची जागा अशी निवडावी कीं ती दुसऱ्यास सांगतां येईल, उदाहरणार्थ घाटाच्या उत्तर टोंकाचा खांब, पाठ खांबास लावून. मोबाईलमध्यें चित्र ओढून जवळ आणण्याची जी सोय आहे ती वापरूं नये, कारण आज किती ओढलें तें उद्यां स्मरत नाहीं. वेळ शक्यतों तीच ठेवावी. आमच्या जागेवरून सकाळीं ऊन पाठीमागून येऊन तटावर सरळ पडतें, म्हणून दगडांचे थर मोजतां येतात. संध्याकाळीं तोच तट सावलींत जाऊन एक काळी पट्टी होतो. संध्याकाळचें चित्र अधिक सुंदर दिसतें हें आम्ही मान्य करितों. पण त्यांत पिंपळ दिसला नसता.

शिलालेखाचा नियम याच्या उलट आहे. दक्षिण सोलापुरांत हत्तरसंग कुडल येथें भीमा व सीना यांचा संगम आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळांत शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठींतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो उजेडांत आणण्याचें श्रेय आपल्याच सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांचें. असल्या झिजलेल्या अक्षरांवर समोरून प्रकाश टाकला तर सपाट दगडच दिसतो. प्रकाश बाजूनें, भिंतीस जवळजवळ चिकटून यावा. मग प्रत्येक खांचेंत सावली भरते व अक्षर उठून दिसतें. एक मुलगा हातांत विजेरी घेऊन कडेस उभा राहिला कीं झालें. अक्षरांवर खडू, पीठ किंवा पाणी मात्र कदापि लावूं नये. घाटावर स्नान करणाऱ्यांचीं चित्रें काढूं नयेत, आणि कोणाच्या वाड्याचें चित्र घेण्यापूर्वीं दार ठोठावून विचारावें. बहुधा आंत बोलावून चहा देतात व आपण मागितलें नव्हतें तेंहि दाखवितात.

नववीच्या मुलांनीं दिवाळीनंतर आमच्यासारखाच नेम धरिला. कोणी इंद्रभुवनाचा दर्शनी भाग घेतला, कोणी स्टेशनाजवळची जुनी दगडी भिंत, एकीनें आपल्या गल्लींतील हातमागाच्या कारखान्याचें दार. आरंभीं प्रत्येक चित्रांत किल्ल्यापुढें काढणाऱ्याचें स्वतःचेंच हंसरें तोंड असे; तें हळूहळू गेलें. रंग भडक करण्याची हौस अजून पुरती गेलेली नाहीं. "पण सर, जुन्या इमारतीच कां?" असें एकानें विचारलें. त्यास आम्हीं आठवण दिली कीं विमानतळासाठीं साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आली तेव्हां ती मुळींच जुनी नव्हती. तरी ती कांहीं क्षणांत गेली. ज्यांनीं ती रोज घराच्या गच्चीवरून पाहिली त्यांच्यापैकीं कितीजणांपाशीं पडण्याच्या दिवसाखेरीज दुसऱ्या कोणत्या दिवसाचें चित्र आहे, तें विचारून पाहावें. वर्गांत आम्हीं विचारलें. दोन हात वर झाले.

पालकांस एक विनंति आहे. आपल्या पेट्यांत व आल्बमांत जुनें सोलापूर असेल. १८७७ त निघालेल्या जुन्या गिरणीच्या फाटकापुढें उभे असलेले आजोबा, गड्ड्याच्या जत्रेंत काढलेला फोटो, एकरूख तलावाच्या बांधावरची सहल, लग्नाच्या वरातीमागें आलेला एखादा वाडा. त्यांतील माणसें आपणांस ठाऊक आहेत. मागची भिंत कोठली तें घरांतील वडीलधाऱ्यांस आजच विचारून मागें लिहावें. मूळ फोटो शाळेंत ठेवून घेण्याची आमची इच्छा नाहीं. शनिवारीं सकाळीं दहा वाजतां मुलाबरोबर तो पाठवावा; त्याची प्रत घेऊन मूळ त्याच दिवशीं दुपारीं परत केलें जाईल. आमची वही व आतांपर्यंतचीं चित्रें ग्रंथालयांत दाराजवळच्या कपाटांत ठेविलीं आहेत. जुलैच्या पानांवर एकोणीस चौकोन रिकामे आहेत. त्या दिवसांत त्या कांठीं कोणी फोटो काढला असल्यास तोहि आणावा.